मी उंच केलेली गल्ली

चंडीगढला मला पहिली नोकरी लागली तेव्हा पाण्याबद्दल एकच गोष्ट नीट माहीत होती. ते कमी असतं. बीड जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी शाळा शिकले तिथं उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळ कोरडा असायचा. दारात हंड्यांची रांग लावून ठेवायची आणि टँकरचा भोंगा ऐकू आला की पुस्तक मिटून पळायचं. अशा गावची मुलगी पुढे शहरातलं जास्तीचं पाणी बाहेर काढण्याच्या कामावर पोट भरेल असं कुणी सांगितलं असतं तर आमच्या आळीत हशा पिकला असता.

वडील एस.टी.च्या डेपोत गाड्या धुवायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपुढे गेलेलं नव्हतं. गणिताच्या सरांनी स्वतः अर्ज भरून दिला, त्यांच्याच ओळखीनं वसतिगृह मिळालं आणि मी सिव्हिल इंजिनिअर झाले. घरी छापील कागदाला पाय लागला तर नमस्कार करायची पद्धत होती. वाण्याकडून साखर बांधून आलेला कागद असला तरी. ही पद्धत माझ्या अंगात किती मुरली होती ते मला चंडीगढला कळलं.

लग्नानंतर मी तिथं गेले. आमचे हे सेक्टर एकोणचाळीसमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत होते. नव्वदीच्या दशकाचा शेवट चालू होता. काही महिन्यांतच मला पावसाळी पाण्याचा निचरा बघणाऱ्या एका ऑफिसात कनिष्ठ अभियंत्याची जागा मिळाली. जागा कंत्राटी होती. दर वर्षी जूनअखेर मुदत संपायची आणि साहेबांचा शेरा चांगला असेल तर वाढवून मिळायची.

पहिल्याच महिन्यात मी त्या शहराच्या प्रेमात पडले. ईशान्येला डोंगर, तिथून नैऋत्येकडे जमीन हलकेच उतरत गेलेली, आणि तो उतार ओळखून आखलेलं शहर. सांडपाण्याचे नळ वेगळे, पावसाच्या पाण्याचे वेगळे. डोंगरातून येणाऱ्या ओढ्याच्या जागेवर घरं न बांधता तिथं लांबच लांब हिरवळ राखलेली. मी त्याचा नकाशा काढून माझ्या गणिताच्या सरांना पोस्टानं पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "आपल्या गावाला कुणी असा आधी विचार केला असता तर."

तोवर मला वाटत होतं की विचार करून झालेला आहे आणि आता फक्त सांभाळायचं आहे. शहर मात्र वाढत होतं. बाजारात छोट्या मोटारी हप्त्यावर मिळायला लागल्या होत्या. ज्या घरांपुढे गवताचा तुकडा होता तिथं लाद्या बसत होत्या, कारण गाडी ठेवायची कुठं?

आमच्या टोळीचा मेट मला पहिल्यांदा दिसला तो मे महिन्याच्या उन्हात, रस्त्याकडेला उकिडवा बसलेला. मेट म्हणजे मजुरांचा मुकादम. पांढरी दाढी, फिकी निळी पगडी, निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. रस्त्यावरचं पाणी ज्या लोखंडी जाळीतून खालच्या नळात जातं, त्या जाळीत ते बादलीभर पाणी ओतत होते आणि ओठांत काही पुटपुटत होते.

"सरदारजी, ये क्या कर रहे हैं?" मी विचारलं.

"हाल पूछ रहा हूँ, मॅडमजी. पाँच बार वाहेगुरू बोलने तक पानी उतर जाए तो जाली राज़ी है. छठा बोलना पड़े तो नीचे मिट्टी है."

सहावं वाहेगुरू म्हणावं लागलं की ते खिशातला गेरूचा तुकडा काढून जाळीच्या कडेला फुली मारत. मागून मजूर येऊन फुलीवाली जाळी उपसत. पावसाळ्यापूर्वी दर वर्षी त्यांच्या ताब्यातली प्रत्येक जाळी अशी तपासली जायची. ऑफिसात याची नोंद कुठेही नव्हती.

मला मौज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही आलं. संध्याकाळी घरी विचारलं, "अहो, तुमच्या लॅबमधलं स्टॉपवॉच दोन दिवस मिळेल का?"

"कशाला? मी जेवायला किती वेळ लावतो ते मोजणार आहेस?"

"ते कॅलेंडरवर मोजावं लागेल," मी म्हटलं.

स्टॉपवॉच आलं. दोन दिवस मी मेटच्या मागे फिरले. प्रत्येक जाळीपाशी त्यांची पाच वाहेगुरू एकाच वेळात व्हायची, फरक पडला तर सेकंदाच्या आतला. त्यांनी माझ्या हातातलं यंत्र पाहिलं आणि पुढची बादली भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त म्हणाले, "पास हूँ जी?" मला मान वर करता येईना.

ते गप्पिष्ट नव्हते, पण जेवणाच्या सुट्टीत हळूहळू कळलं. जिथं आता शहर आहे तिथल्याच एका गावात त्यांचा जन्म. गाव उठलं तेव्हा ते लहान होते, डोक्यावर बाज घेऊन चालत गेलेले. मोठे झाल्यावर त्याच जमिनीवर शहर बांधायला मजूर म्हणून लागले. कुठं विहीर होती, कुठं जनावरांचं डबकं होतं, ओढ्याला पाणी आलं की कुठल्या शेताला आधी लागायचं, हे त्यांना पाठ होतं. त्यात कडवटपणा नव्हता. शहराबद्दल ते "हमने बनाया" असंच म्हणायचे.

त्याच मे महिन्यात मला माझं पहिलं स्वतंत्र काम मिळालं. शहराच्या दक्षिणेकडच्या एका सेक्टरच्या अगदी खालच्या टोकाला एक गल्ली होती. एका बाजूला छोटी बैठी घरं, ओळीनं बारा. दुसऱ्या बाजूला कुंपणाची भिंत. गल्लीच्या शेवटी एक पार्क. चौथ्या घरात एक बाई बालवाडी चालवायच्या. त्यांचे यजमान इंडस्ट्रियल एरियातल्या कारखान्यात होते. आसपास धुणीभांडी करणाऱ्या बायका आणि बांधकामावरचे मजूर आपली पोरं तिथं ठेवून जायचे. दुपारी ती पंधरा-वीस पोरं सतरंजीवर, फरशीवर एका ओळीत झोपलेली असायची.

गल्ली वाईट होती. डांबर झिजलेलं, खड्डे पडलेले आणि मधला भाग परातीसारखा खोलगट. रहिवाशांनी तीनदा अर्ज दिले होते. साहेबांनी फाइल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "कर के दिखाइए."

मी केलं. पुस्तकात होतं तसंच केलं. रस्त्याचा मध्य उंच, दोन्ही कडांना उतार, पाणी कडेला जाऊन जाळीत पडेल. मधला खोलगट भाग खडीनं भरून काढायचा, वर डांबर. आखणीच्या दिवशी मेट शेजारी उभे होते. म्हणाले, "मॅडमजी, इसको नीचा ही रहने दो. ये गली ऐसे ही चलती है."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. रस्त्याचा आडवा छेद असलेलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि मध्यभागी पाणी साचलं की डांबर कसं उखडतं ते समजावलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी हात झटकून स्वच्छ केले, पान दोन्ही हातांनी धरलं, आकृतीवरून बोट फिरवलं आणि आदरानं पुस्तक परत दिलं. "अच्छा जी. किताब में है तो."

मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता. घरी येऊन वडिलांना पत्र लिहिलं की आता माझ्या सांगण्यावर रस्ता होतोय.

मेअखेर रस्ता झाला. काळाभोर, गुळगुळीत, मधे उंच. गल्लीनं लाडू वाटले. शेवटच्या, बाराव्या घरात फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार राहत. त्यांनी नुकतीच जुनी मोटार घेतली होती आणि ती घरापुढे चढवायला सिमेंटचा उतरता ओटा केला होता, चांगला हातभर गल्लीत आलेला. त्यांनी माझ्या हातावर दोन लाडू ठेवले. "बेटी, अब लगता है हम भी चंडीगढ़ में रहते हैं."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मेट बादली घेऊन त्या गल्लीत पोचले. तिथल्या सगळ्या जाळ्या पाच वाहेगुरूंत उतरल्या. मी म्हटलं, "पास!"

त्यांनी मान हलवली, पण निघेनात. गल्लीच्या वरच्या टोकाकडे बघत राहिले. "जाली तो ठीक है. नीचे का पाइप ही भर गया, तब?" आणि मग त्यांनी पार्कच्या झाडांना पाणी घालणारा टँकर बोलावला.

ड्रायव्हर वैतागला. "सरदारजी, पौधों का पानी सड़क पर? होश में हो?"

"तू नल खोल. होश मैं देख लूँगा."

मजुरांनी ओली पोती टाकून सगळ्या जाळ्या बंद केल्या. खालचा नळ तुडुंब भरल्यावर जाळी जशी पाणी घेईनाशी होते, तशीच. टँकर गल्लीच्या वरच्या तोंडाला उभा करून नळ सोडला. पाणी आलं, मी बांधलेल्या उंचवट्यापाशी दुभंगलं आणि दोन कडांनी धावू लागलं. अर्धं भिंतीकडून, अर्धं थेट घरांच्या उंबऱ्यांना घासत. पूर्वी मधला खोलगट भाग हे सगळं पोटात घेऊन पार्ककडे नेत असे. आता तिथं माझा काळाभोर उंच रस्ता होता, कोरडा. चौथ्या घराशी पाणी थोडं थबकलं, चढलं आणि दाराखालून आत गेलं.

आतून बालवाडीच्या बाई ओरडल्या. मी धावले. झोपेतली पोरं उचलून आम्ही दोघी टेबलावर, पेटीवर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत होतो. एक पोर ओल्या सतरंजीवर बसून टाळ्या पिटत होतं. बाहेर मेट स्वतः पोती ओढून काढत होते. जाळ्या मोकळ्या झाल्या, पाणी उतरलं. एका टँकरचं पाणी होतं ते, फक्त एका टँकरचं.

बाईंनी पदरानं हात पुसत मला विचारलं, "मॅडमजी, बारिश में क्या होगा?"

मी बाहेर येऊन मेटना विचारलं, "आपने पहले क्यों नहीं कहा?"

"कहा था जी." पोतं पिळत ते पुढे म्हणाले, "ज़ोर से नहीं कहा. आप किताब खोल के खड़ी थीं."

टँकरच्या सावलीत बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते मला चार वर्षांच्या कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. वरच्या सेक्टरमधल्या बंगल्यांनी बागा फरशीनं बुजवल्या. पूर्वी निम्मं पाणी गवत पिऊन टाकायचं, आता सगळंच्या सगळं खाली येतं. नळ मात्र तेवढेच. आणि पाऊसही बदललाय. "पहले झड़ी लगती थी, दो-दो दिन. आराम से. अब एक घंटे में सब गिरा के चली जाती है. पाइप बेचारा क्या करे? फिर सड़क को नाली बनना पड़ता है. ये गली नाली ही थी, मॅडमजी. लोग समझते थे टूटी सड़क है."

पुढे निचऱ्याच्याच कामात माझं सारं आयुष्य गेलं. आज हवामानबदलावर बैठका होतात, पडद्यावर आलेख येतात. नळ भरल्यावर पाण्यानं जायचं कुठून, ती वाट आधीच राखून ठेवा, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगतात. मी तिथं वही घेऊन बसते आणि मला टँकरची सावली आठवते. आपल्या पुस्तकांतले पाऊस जुन्या वर्षांचे आहेत, हे मला प्रथम अशा माणसानं सांगितलं ज्याला ते पुस्तक वाचता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी पोळ्या लाटता लाटता थांबले. यांना सगळं सांगितलं. गप्प बसणं सोपं होतं. रस्ता नवा होता, लोक खूश होते, पाणी शिरलंच असतं तर पावसाला दोष दिला असता. आणि माझ्या कंत्राटाची मुदत पंधरा दिवसांवर होती.

"नोकरी जाईल?" यांनी विचारलं.

"जाऊ शकते."

"आणि सांगितलं नाहीस तर?"

"पोरं फरशीवर झोपतात हो तिथं."

यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "तर मग इंग्रजीत लिही. स्पेलिंगं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी मी तो एकपानी कागद साहेबांपुढे ठेवला. साहेब मूळचे डोंगराकडचे, किडकिडीत, बिनसाखरेचा चहा पिणारे. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"ये आपने अपने ही खिलाफ लिखा है?"

"जी सर."

"किसी ने शिकायत की?"

"नहीं सर. अभी तक लड्डू ही मिले हैं."

दारात मेट उभे होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. ते म्हणाले, "साहबजी, आधा कसूर मेरा लिखो."

"तुम्हारा कैसे?"

"मैंने कहा था, पर धीरे कहा."

साहेबांनी चष्मा काढला. "सरकारी कागज़ में धीरे बोलने का कोई कॉलम नहीं है, सरदारजी." मग जीपची किल्ली उचलली. गल्लीत जाऊन ते वरपासून खालपर्यंत चालले, बालवाडीच्या ओल्या भिंतीवर हात ठेवला, पार्कपाशी उभे राहिले. परतताना म्हणाले, "इसी महीने के अंदर नीचा करो. अपने आदमी लगाओ. आपके कॉन्ट्रैक्ट का बाद में देखेंगे." माझ्या चुकीवर व्याख्यान दिलं नाही. तसा अधिकारी मला पुन्हा क्वचितच भेटला.

नवा रस्ता फोडायला घेतला तेव्हा जूनचं ऊन डोक्यावर होतं. कुदळ मारली की डांबर तुटायचं नाही, चिकटायचं. गल्ली संतापली. "पहले बनाओ, फिर तोड़ो, फिर बनाओ, यही पढ़ाया कॉलेज में?" एक आजी रोज दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि मी जवळून गेले की म्हणायच्या, "मेरे लड्डू वापस कर." हवालदार सगळ्यांत पुढे. "फौज में ऐसा करते ना, तो कोर्ट मार्शल हो जाता!"

मेट कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "फौजी साहब, फौज में खंदक भी तो खोदते हो. दुश्मन आने से पहले ही खोदते हो ना?"

हवालदार जास्तच चिडले.

आता गल्लीचा मध्य पुन्हा खोलगट होणार होता. त्याबरोबर घरांपुढचे पुढे आलेले ओटे तासायला लागणार होते, नाहीतर पाणी त्यांना अडून घरात वळलं असतं. मी नोटिसा काढायच्या म्हटलं. मेट म्हणाले, कागद नको. ते एकेका दारात जाऊन प्यायला पाणी मागत. अर्धा पेला पीत, उरलेला ओट्याच्या कडेला ओतत आणि घरमालकाला म्हणत, "देखो जी, किधर जा रहा है." पाणी वळून उंबऱ्याकडे जायचं. घरमालक बघत राहायचा. अकरा घरांनी ओटे तासू दिले. लाडूवाल्या आजी तर म्हणाल्या, "तोड़ दे, मुझे कौन-सी मोटर चढ़ानी है."

बारावं घर हवालदारांचं. त्यांनी पेला दिला, पाणी कुठं गेलं तेही पाहिलं आणि म्हणाले, "मेरी गाड़ी का पेट घिसेगा. नहीं टूटेगा."

मी रागावले होते. मेटनी मला बाजूला घेतलं. "बीबा, इज़्ज़त की बात बना ली है. अभी ज़ोर लगाओगी तो और पक्का होगा. छोड़ो."

'मॅडमजी'चं 'बीबा' कधी झालं ते मला कळलंच नाही. बीबा म्हणजे शहाणी लेक.

रस्ता झाला. या वेळी मी पुस्तक घरी ठेवलं होतं असं म्हणायला छान वाटेल, पण ते खरं नाही. पुस्तक पिशवीतच होतं. उतार किती द्यायचा, खडी किती जाड हवी, हे त्यातूनच घेतलं. फक्त पाणी कुठून जाणार ते आधी मेटना विचारलं. पार्कच्या कठड्याला तीन जागी खिंडी पाडल्या, म्हणजे गल्लीतलं पाणी पार्कच्या गवतात उतरून तिथं थांबेल. एकतीस जूनला काम संपवू असं साहेबांना उत्साहात सांगून बसले होते. ते म्हणाले, "उस महीने में तीस ही दिन होते हैं." तिसाव्या दिवशी संपलं. कंत्राट तीन महिन्यांनी वाढलं, वर्षभरासाठी नाही. शेऱ्यात लिहिलं होतं, 'पावसाळा बघून.'

पावसाळ्यानं जुलैत काही विचारलं नाही. ऑगस्टमध्ये एका सकाळी डोंगराकडून काळं आभाळ आलं आणि अकराच्या सुमाराला पाणी असं कोसळलं की समोरची झाडं दिसेनात. मी स्कूटरवरून गल्लीत पोचले तेव्हा मेट आधीच तिथं होते, सायकल भिंतीला लावून, डोक्यावर प्लॅस्टिकची गोणी.

थोड्या वेळात जाळ्या भरल्या आणि उलट्या उकळू लागल्या. वरच्या सेक्टरचं पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं. गढूळ, वेगानं, चपला, पानं, एक लाल मग वाहून आणत. मी बालवाडीच्या पायरीवर उभी होते. आत बाईंनी पोरांना टेबलांवर बसवून गाणं म्हणायला लावलं होतं, आणि त्या स्वतः न गाता दाराच्या फटीतून माझ्याकडे बघत होत्या.

पाणी मध्यातून निघालं. मधूनच. गल्लीचा खोलगट भाग भरत गेला, पाणी रुंदावत गेलं, पायरीच्या पहिल्या विटेला लागलं. दुसऱ्या विटेच्या मध्यापर्यंत चढलं. तिथं थांबलं. मी श्वास धरून त्या विटेकडे बघत होते. मेट माझ्याकडे किंवा विटेकडे बघतच नव्हते, त्यांचं लक्ष खाली पार्ककडे होतं. तिथं तिन्ही खिंडींतून पाणी आत कोसळत होतं आणि गवताचं तळं होत होतं.

"चल पई," ते म्हणाले. चालू पडली. बालवाडीच्या बाईंनी आत गाण्यात आवाज मिसळला.

अकरा उंबरे कोरडे राहिले. बाराव्या घरापाशी मात्र सिमेंटच्या ओट्यानं बांधासारखं पाणी अडवलं. ते फिरलं आणि हवालदारांच्या पुढच्या खोलीत गेलं.

पाऊस ओसरल्यावर आम्ही तिकडे गेलो. खोलीत घोट्याच्या वर पाणी. हवालदारांच्या बायको पलंगावर शिवणयंत्र मांडीत घेऊन बसलेल्या. बाहेर ओट्याच्या डोक्यावर मोटार मात्र छान धुऊन निघालेली.

"और रखो रैंप!" त्या नवऱ्यावर कडाडल्या. "गाड़ी सही-सलामत, मैं पानी में!"

हवालदार एका ट्रंकेचं कडं धरून उभे होते. मी दुसरं कडं धरलं. ट्रंक टेबलावर ठेवली. मी वाट बघत होते की मेट आता काहीतरी बोलतील. दोन महिने त्यांनी त्या माणसाची बोलणी खाल्ली होती. त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि पाणी दाराकडे लोटायला लागले. एवढंच. मी आयुष्यात बरीच हुशार माणसं पाहिली, पण बरोबर ठरल्यावर इतकं गप्प राहता येणारा माणूस तो एकच. त्यांच्यासारखं व्हायचा मी अजून प्रयत्न करते, जमत नाही.

पाणी दारापर्यंत जायचं आणि ओट्याला आपटून परत यायचं. चार-पाचदा तसं झालं. हवालदार ते बघत होते. मग बाहेर गेले. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. त्यांनी ती ओट्यावरून उतरवून गल्लीच्या वरच्या टोकाला नेऊन लावली आणि पँट वर ओढत चिखलातून परत आले.

"सरदारजी, सब्बल है?"

पहार सायकलला बांधलेली होती. मेटनी ती सोडून त्यांच्या हातात दिली. पहिला घाव हवालदारांनीच घातला, चुकीच्या जागी. मेटनी बोटानं जागा दाखवली. दुसरा, तिसरा. शेजारचे दोघे-तिघे कुदळी घेऊन आले. लाडूवाल्या आजी खुर्ची घेऊन आल्या. पाचव्या-सहाव्या घावाला ओट्याची कड निखळली आणि खोलीत तुंबलेलं पाणी त्या फटीतून गल्लीच्या मध्याकडे धावलं.

आतून हवालदारांच्या बायकोचा आवाज आला, "निकल रहा है जी, निकल रहा है! रुको मत, और तोड़ो!"